कोकणातून परदेशी निघालेल्या कुत्र्यासाठी: आधी चिप, मग लस, मग रक्त

घरातलं माणूस परदेशी निघालं की पासपोर्ट, व्हिसा, तिकीट अशी धावपळ सुरू होते आणि कुत्र्याचं काय करायचं हे शेवटच्या महिन्यात कुणाला तरी आठवतं. तोवर उशीर झालेला असतो. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. गुहागर तालुक्यात गाई-म्हशी, शेळ्या, बैल बघण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर पुतणीचा बंड्या नेदरलँडला न्यायचा ठरला तेव्हा सगळे कागद मी तिच्याबरोबर बसून केले. तेव्हापासून चिपळूण, दापोली, रत्नागिरीकडची मंडळी फोन करतात. त्यांना तोंडी जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

बंड्या गावठी. तांबूस रंग, उभे कान, वीस किलोच्या आसपास वजन. गावठी कुत्र्याला कोण परदेशी नेतं, असं अनेकांनी पुतणीला विचारलं. नियमांत गावठी आणि विलायती असा भेद नाही, आणि मला तर वाटतं की लांबच्या प्रवासाला गावठी कुत्रं जास्त योग्य. नाक लांब, श्वास मोकळा, अंगात काटकपणा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णतेत दम लागतो, म्हणून कित्येक विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यातून न्यायला नकारच देतात.

हातात सहा-सात महिने ठेवा. त्याहून कमी असतील तर माणसाने पुढे जावं आणि कुत्र्याने मागून यावं, हा मार्ग घ्या.

चिप, लस, रक्त: क्रम मोडू नका

पहिली मायक्रोचिप, दुसरी रेबीजची लस, तिसरी रक्ताची तपासणी. चिप आणि लस एकाच दिवशी चालते, फक्त चिप आधी टोचलेली हवी. लस आधी आणि चिप नंतर झाली तर युरोपच्या लेखी ती लस दिलेलीच नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरी हेच झालेलं असतं, कारण पिल्लू आणलं की लस देतात आणि चिपचं नाव कुणी काढत नाही. घाबरू नका. आज चिप बसवा, तिच्यावर आजच रेबीजची लस परत द्या आणि मोजणी आजपासून सुरू करा. जुन्या लसीची तारीख पुढे करून कुणी ‘चालतं हो’ म्हणालं तर ऐकू नका.

चिप उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी असते. दोन खांद्यांच्या मधे जाड सुईने कातडीखाली सोडतात. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकाची, १५ आकडी क्रमांकाची हवी. कमी आकड्यांच्या चिपाही मिळतात, त्या घेऊ नका. चिप बसवायच्या आधी पाकिटावरूनच रीडर फिरवून नंबर वाचायचा, बसवल्यावर कुत्र्याच्या अंगावर परत वाचायचा. आम्ही असं केलं: पुतणी रीडरवरचे आकडे तीन-तीनच्या गटाने मोठ्याने सांगत होती, मी लसीच्या पुस्तकात लिहीत होतो. मग उलट. मी पुस्तकातून वाचलं आणि तिने रीडरच्या पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. बंड्या तेवढा वेळ माझ्या गुडघ्याला टेकून उभा होता. पाकिटात बारकोडचे छोटे स्टिकर येतात, ते जपून ठेवा. एक लसीच्या पुस्तकात, एक रक्ताच्या नळीवर, एक अर्जावर. चिपळूणकडच्या एका कुटुंबाचा अर्ज एजंटाने भरला होता. त्यात नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले आणि कुत्रं विमानतळावरून परत घरी आणावं लागलं. दुसऱ्याने भरलेला प्रत्येक कागद स्वतः वाचा.

लसीबद्दल आपल्या भागापुरती एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रेबीजची लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते, आणि पावसाळ्यात आपली वीज जाते ती जातेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडला कित्येक दिवस वीज नव्हती, हे सगळ्यांना आठवत असेल. म्हणून लस कुठून आली, फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही. कुपीवरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला स्टिकर पुस्तकात चिकटवून त्यावर सही-शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक घ्या. त्याच वेळी लेप्टोस्पायरोसिस धरून असलेली नेहमीची लसही पूर्ण करून घ्या. भाताच्या खाचरांत हिंडणाऱ्या कुत्र्याला ती परदेशासाठी नसली तरी हवीच.

रेबीजच्या लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं. त्या रक्तातून लसीने किती प्रतिकारशक्ती आली हे मोजतात. त्याला टायटर म्हणतात. प्रत्येक मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक एवढी पातळी लागते. पहिल्यांदाच एक लस घेतलेल्या काही कुत्र्यांची पातळी यापेक्षा कमी निघते. म्हणून पहिल्या लसीनंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरी देऊन, तिच्यापासून ३० दिवस मोजून रक्त काढावं असं मी सुचवतो. महिना जास्त जातो, पण अहवाल नापास आला तर जाणारे महिने याहून जास्त असतात.

तपासणी कुठल्याही लॅबमध्ये चालत नाही. ज्या देशात जायचं त्या देशाच्या मान्य यादीतलीच प्रयोगशाळा लागते. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाची रेबीज प्रयोगशाळा या कामासाठी जगभर ओळखली जाते. रक्त गावात काढून, एसटीने चिपळूणला, तिथून कुरिअरने पुढे, असं करू नका. रक्त काढल्यावर त्यातलं सिरम त्याच दिवशी वेगळं करून थंड ठेवावं लागतं. मुंबईत किंवा पुण्यात, जिथे हे नमुने नेहमी पाठवतात अशा दवाखान्यातच काढा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि त्याला लागूनच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल. कुठे जायचं सुचत नसेल तर विचारपूस तिथून सुरू करा.

आता थांबण्याचं गणित. युरोपीय संघाच्या दृष्टीने भारत रेबीजचा धोका असलेला, यादीबाहेरचा देश आहे. त्यामुळे रक्त काढलेल्या तारखेपासून तीन महिने जाईपर्यंत कुत्रं तिथे उतरू शकत नाही. अहवालाच्या तारखेपासून नव्हे, रक्त काढल्याच्या तारखेपासून. लस १२ आठवड्यांच्या वयानंतरचीच धरतात. म्हणजे पिल्लू सात महिन्यांचं होण्याआधी भारतातून युरोपात जाऊच शकत नाही. एकदा टायटर पास झालं की पुढची लस मुदतीच्या आत देत राहा. एका दिवसाचाही खंड पडला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहून ठेवा.

कुठल्या देशाचं काय

ब्रिटनचे नियम चिप, लस, टायटर आणि तीन महिन्यांपर्यंत युरोपसारखेच. त्यावर दोन गोष्टी जास्त. तिथे विमानाने येणारं जनावर कार्गो म्हणूनच उतरतं, तुमच्याबरोबर केबिनमध्ये नाही. आणि कुत्र्याला उतरण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत टेपवर्मचं, म्हणजे पोटातल्या चपट्या जंतांचं औषध डॉक्टरांच्या हातून दिलेलं आणि वेळेसकट पुस्तकात नोंदलेलं असावं लागतं. तारीख नुसती लिहून भागत नाही, वाजले किती तेही लिहून घ्या. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेलाही हे औषध लागतं.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदलले. कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, चिप हवी, सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्यामुळे भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला लसीचा आणि चिपचा वेगळा फॉर्म लागतो, मान्य प्रयोगशाळेचं टायटर लागतं, आणि सीडीसीने नोंदलेली प्राणी-देखभाल सुविधा असलेल्या ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं. त्या सुविधेचं आरक्षण आधी करायचं. टायटर नसेल तर तिथे २८ दिवस ठेवून घेतात, त्याचा खर्च मालकाचा. टायटर असेल तर रक्त काढल्यापासून २८ दिवस झालेले हवेत, म्हणजे युरोपपेक्षा कमी थांबावं लागतं.

जपानला रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं आणि पोचण्याच्या ४० दिवस आधी कळवावं लागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट कुत्रं घेतच नाहीत. आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात महिनोन् महिने ठेवावं लागतं. मुलगा मेलबर्नला आहे म्हणून कुणी विचारलं की मी स्पष्ट सांगतो: कुत्रं म्हातारं असेल तर त्याला या फेऱ्यात घालू नका, घरी जीव लावणारं माणूस शोधा.

खेड, राजापूर, दापोलीकडची कितीतरी कुटुंबं आखातात आहेत, त्यांच्यासाठी. संयुक्त अरब अमिरातीत जनावर न्यायला तिथल्या मंत्रालयाचा आयात परवाना आधी काढावा लागतो, पिट बुलसारख्या काही जातींना बंदी आहे, आणि दुबईत प्राणी कार्गोनेच उतरतात. एमिरेट्सच्या केबिनमध्ये बहिरी ससाणा आणि अंधांना वाट दाखवणारे कुत्रे सोडले तर प्राणी नेत नाहीत.

मांजरांना युरोप-ब्रिटनला चिप, लस, टायटर सगळं कुत्र्यासारखंच लागतं, टेपवर्मचं औषध तेवढं लागत नाही. अमेरिकेची सीडीसी मांजरासाठी रेबीजची लस सक्तीची करत नाही, पण द्याच. कुत्र्यासाठी आणलेलं परमेथ्रिनचं गोचिडाचं औषध मांजराला कधी लावू नका, त्याने मांजर मरतं. पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दलही लोक विचारतात. आपला रानातला पोपट आणि चांदणीचं कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. घरात ठेवणंच गुन्हा, परदेशी नेण्याची गोष्ट दूर.

पेटी

विमानात कुत्रं तीन प्रकारे जातं. लहान असेल तर पायाशी पिशवीत. लुफ्तान्सासारख्या कंपन्या पिशवीसकट ८ किलोपर्यंत परवानगी देतात. मोठं असेल तर तुमच्या तिकिटावर सामानाच्या कप्प्यात. नाहीतर स्वतंत्र कार्गो. कप्पा म्हटला की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण जनावरं ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान सांभाळलेलं असतं. त्रास होतो तो धावपट्टीवर उन्हात वाट बघताना. म्हणून एप्रिल-मे टाळा, आणि मुंबईतून रात्री किंवा पहाटे सुटणारं, मधे न बदलणारं विमान बघा. स्वस्त तिकिटासाठी दोन ठिकाणी विमान बदलायला लावू नका.

पेटी आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या जिवंत प्राण्यांच्या नियमांप्रमाणे हवी. माप असं घ्यायचं. पडवीत भिंतीला लागून कुत्र्याला सरळ उभं करा, एकाने बिस्किट दाखवून मान वर ठेवावी, दुसऱ्याने मोजावं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा: ही पेटीची आतली लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट: ही रुंदी. उभ्या कानांच्या टोकापर्यंतची उंची, वर अंथरुणाची जाडी: ही उंची. बंड्याचे कान उभे, त्यामुळे डोक्यापर्यंत मोजून भागलं नसतं. फूटपट्टी कानाला लागली की तो कान मागे पाडतो, म्हणून आम्ही भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि त्याला सोडल्यावर मोजलं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला पेटी आणखी १० टक्के मोठी लागते.

पेटीवरून पैसे ठरतात, कुत्र्याच्या वजनावरून नाही, हे आधीच समजून घ्या. कार्गोत लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागतात. ९१ बाय ६१ बाय ६६ ची पेटी म्हणजे ६१ किलो, आत वीस किलोचं कुत्रं असलं तरी. पैसे वाचवायला लहान पेटी घेतली तर काउंटरवर परत पाठवतात. लांबच्या देशाला मोठ्या कुत्र्याचा एकूण खर्च सहज लाखाच्या वर जातो, त्याची तयारी ठेवा.

बहुतेक कंपन्यांना पेटीचे वरचे-खालचे भाग धातूच्या नट-बोल्टांनी जोडलेले लागतात, प्लास्टिकच्या क्लिपा चालत नाहीत. पेटी आधी आणून ठेवली की आपल्या खाऱ्या हवेत ते बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेस स्टीलचे बदलून घ्या, चिपळूणच्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. चारही बाजूंना हवेच्या जाळ्या, चाकं काढलेली, दाराला आतून दोन वाट्या अडकवलेल्या आणि बाहेरून पाणी ओतता येईल अशा. निघायच्या आदल्या रात्री एका वाटीत पाणी घालून फ्रीजरमध्ये गोठवा. दारात देताना बर्फ असतो, सांडत नाही, आणि कुत्र्याला तहान लागेल तेव्हा पाणी होतं.

अंथरायला नवी गादी घेऊ नका. आमच्या वहिनीने तिच्या जुन्या सुती लुगड्याची दुपदरी घडी शिवली आणि न धुता आत घातली. खाली मूत शोषणारा कागद. पट्टा गळ्यात ठेवायचा, साखळी आत टाकायची नाही.

पेटीची सवय महिनोन् महिने आधी सुरू करा. दार काढून ठेवा आणि पेटी ओटीवर, त्याची नेहमीची जागा असेल तिथे ठेवा. जेवण आतच द्या. काही दिवसांनी दार लावा, पण बंद करू नका. मग क्षणभर बंद, मग जेवण संपेपर्यंत, मग रात्रभर. बंड्या पहिले काही दिवस नुसता तोंड आत घालून भात उचलायचा आणि बाहेर येऊन खायचा. ओढून आत ढकललं असतं तर तो परत कधी गेला नसता. प्रवासाला झोपेची गोळी मात्र अजिबात देऊ नका. उंचीवर रक्तदाब उतरतो, श्वास मंद होतो, आणि गुंगीतलं कुत्रं दिसलं तर कंपनी घेतच नाही. पेटीत निवांत झोपणारं कुत्रं हीच तयारी.

दोरी, जेवण आणि गोचीड

आपली कुत्री मोकळी वाढतात. अंगणातून पाणंदीने, पाणंदीतून पुळणीवर. दोरी म्हणजे शिक्षा, असं त्यांना वाटतं. पण परदेशात पाऊल टाकल्यापासून दोरी सुटत नाही, आणि विमानतळावर दोरीतून निसटलेलं कुत्रं सापडणं कठीण. छातीवरचा हार्नेस घ्या आणि रोज संध्याकाळी दोरी लावून गावातल्या डांबरी रस्त्याने फिरवा. सिमेंटवर, फरशीवर लघवी करायला शिकवणं याहून अवघड. मातीची सवय असलेलं कुत्रं तासन् तास धरून ठेवतं. सकाळी उठल्याबरोबर दोरीने रस्त्याच्या कडेला न्या, त्याने केलं की एकच ठरलेला शब्द म्हणा आणि लगेच खाऊ द्या. विमानातून उतरल्यावर त्या शब्दाने फार मोठी सोय होते.

भात आणि बांगड्याचं डोकं खाणारं कुत्रं तिथे कोरड्या खाण्यावर जाणार. हा बदल इथेच, हळूहळू करा. आधी मूठभर कोरडं खाणं भातात मिसळून, मग प्रमाण वाढवत. अचानक बदललं तर जुलाब होतात आणि तपासणीच्या आठवड्यात ते परवडत नाहीत.

गोचीड ही आपली खरी अडचण. दमट हवा, झाडी, गुरांचा गोठा शेजारी. गोचिडातून एर्लिकिया, बॅबेसिया असे रक्ताचे आजार होतात, आणि कुत्रं वरून धडधाकट दिसतं. ऑस्ट्रेलियासारखे देश एर्लिकियाची तपासणी मागतात. कुणी मागो न मागो, निघायच्या दोन महिने आधी रक्ताची स्लाइड आणि प्लेटलेट बघून घ्या. तेवढ्यात उपचार करायला वेळ मिळतो. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या मधे आणि शेपटीखाली हात फिरवा. डॉक्टर देतील ती गोळी महिन्याच्या महिन्याला. करंजेल अनेक घरांत लावतात, पण सरकारी तपासणीच्या आधी अंग स्वच्छ धुतलेलं हवं, तेलकट केसांत त्वचा बघता येत नाही.

मुंबईपर्यंत

निर्यातीचा आरोग्य दाखला केंद्र सरकारची पशु संगरोध व प्रमाणन सेवा देते, सगळे तिला एक्यूसीएस म्हणतात. तिची केंद्रं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबादला आहेत. गोव्यातलं मोपाचं विमानतळ सिंधुदुर्गकरांना जवळ, पण आपलं केंद्र मुंबईचं. कुत्र्याला तिथे प्रत्यक्ष न्यावं लागतं. युरोपचा दाखला दिल्यापासून १० दिवसांत तिथे पोचायचं असतं, म्हणून हे काम निघायच्या आठवड्यातच येतं. मुंबईत नातेवाईकांकडे चार-पाच दिवस राहायची सोय आधी करा, आणि त्यांच्या सोसायटीला विचारून ठेवा.

बरोबर फाईल न्या: लसीचं पुस्तक, चिपचा दाखला, टायटरचा मूळ अहवाल, नोंदणीकृत डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, तुमचा पासपोर्ट, तिकीट, कुत्र्याचे फोटो. मालकाचं नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणे. जातीच्या रकान्यात एका कागदावर ‘गावठी’, दुसऱ्यावर ‘मिक्स’, तिसऱ्यावर ‘इंडियन पारिया’ असं असेल तर अडतं. पहिल्या दिवशी एक ठरवा, रंग आणि जन्मतारीखही ठरवा, आणि प्रत्येक कागदावर अक्षरन् अक्षर तेच लिहायला सांगा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आणि फोनमध्ये फोटो.

तारीख ठरवताना गणपती आणि शिमगा सोडून ठरवा. चाकरमानी गावाला येताना-जाताना महामार्गावर जी कोंडी होते तिच्यात कुत्र्याला अडकवणं क्रूरपणा आहे, आणि सुट्ट्यांत कार्यालयंही बंद असतात. चिपळूणहून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रात्री जेवणं झाल्यावर निघा. परशुराम घाट, कशेडीचा बोगदा, पोलादपूर, महाड थंड हवेत पार पडतात, आणि माणगाव-इंदापूरची गर्दी पहाटे नसते. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार टाळा. निघण्याआधी चार-पाच तास खायला घालू नका, घाटात ओकतं. दर दोन-तीन तासांनी उतरवून दोरीने फिरवा, पाणी पाजा.

रेल्वेने न्यायचं असेल तर एसी फर्स्ट क्लास असलेल्या गाडीत अख्खा कूपे घ्यावा लागतो आणि कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात लसीच्या दाखल्यावर होतं. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातल्या खोक्याचा. माणसाळलेल्या कुत्र्याला मी त्यात बसवणार नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं आणि गाड्या हळू चालतात. गाडी करा.

विमानतळावर तीन-चार तास आधी पोचा. आत जाण्याआधी बाहेर भरपूर चालवा आणि तो ठरलेला शब्द म्हणा. पेटीवर जिवंत प्राण्याची हिरवी लेबलं आणि वर कुठली बाजू हे दाखवणारे बाण चिकटवा, शिवाय कुत्र्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा. सामान उचलणारी माणसं नावाने हाक मारतात, मी स्वतः ऐकलं आहे. विमानात बसल्यावर कर्मचाऱ्यांना विचारा की कुत्रं चढलं का, ते वैमानिकाकडून खात्री करून सांगतात.

तिथे पोचल्यावर, आणि परत यायचं असेल तर

युरोपात प्राणी ठरावीक विमानतळांवरूनच आत येऊ शकतात. ॲम्स्टरडॅम, फ्रँकफर्ट, पॅरिस त्यांत आहेत. लाल मार्गाने जाऊन स्वतः कागद दाखवा. तुम्ही आणि कुत्रं पाच दिवसांच्या आगेमागे पोचलात तरच ते घरचं जनावर धरलं जातं, त्याहून जास्त अंतर पडलं की व्यापारी आयातीचे नियम लागतात. माणसाने पुढे जायचं ठरलं असेल तर हे मात्र आड येतं. तेव्हा मालकाने कुत्र्याच्या तारखेला परत येऊन घेऊन जावं, किंवा घरातल्या दुसऱ्याला मालकाच्या लेखी अधिकारपत्रासह त्याच पाच दिवसांच्या आत पाठवावं.

पहिल्या आठवड्यात स्थानिक पशुवैद्याकडे जाऊन युरोपचं पेट पासपोर्ट करून घ्या आणि चिपची तिथे नोंद करा. जर्मनीत कुत्र्यासाठी पालिकेला कर भरावा लागतो. आपल्या गावठी कुत्र्यांचे केस आखूड, त्यांना थंडीत अंगरखा लागतो, पहिल्या हिवाळ्यात तर नक्कीच. पहिले काही दिवस पेटी उघडीच घरात ठेवा, तीच तोवर त्याची ओळखीची जागा असते. बंड्या नव्या घरात पेटीतच जेवायचा आणि मुंबईच्या विमानतळावर शिकलेल्या लिफ्टला घाबरायचा नाही, असं पुतणीने फोनवर सांगितलं.

पुढे कधी कुत्रं भारतात परत आणायचं असेल तर विमानात चढवायच्या आधी एक्यूसीएसचं ना हरकत प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि तिथल्या सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो. त्यासाठी भारतातून निघतानाचा निर्यात दाखला, चिपचा दाखला आणि सगळी लसीची पुस्तकं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, आणि एक झेरॉक्स गावच्या घरी कपाटात.